हँडलच्या टोकाचे आरसे आणि अडकलेली रेस: पारोळ्याच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीमालक पारोळ्याचा, नोकरी धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत. नाव बदलून त्याला किशोर म्हणू. वय पस्तिशीच्या आत, अंगाने थोराड, खांदे रुंद. गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, चांगली वजनदार. रोजचं जाणं-येणं महामार्ग 53 वरून, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवरून. हा रस्ता चौपदरी झाल्यापासून दुचाकीवाल्याचं एक काम सोपं झालं आणि एक अवघड. समोरून येणाऱ्या ट्रकची धास्ती कमी झाली, पण मागून येणारी गाडी आता फार लवकर जवळ येते. पूर्वी खड्ड्यांनी सगळ्यांनाच आवरून धरलं होतं.

त्यातून दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. जिनिंगकडे निघालेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली असते आणि चालते पंधरा-वीसच्या वेगाने. तिला ओलांडायला उजवीकडे सरकायचं म्हणजे आरशावर विश्वास हवा. किशोर एकदा असाच सरकला तेव्हा आरशात त्याला मागे काहीच दिसलं नव्हतं. एक कार हॉर्न दाबत खांद्याला घासून जावी इतक्या जवळून गेली. कार आरशात नव्हती, कारण त्या जागी त्याचंच कोपर होतं.

कंपनीने दिलेल्या दांडीच्या आरशांची ही तक्रार जुनी आहे. दांडी हँडलवर आत बसलेली असते, त्यामुळे रुंद खांद्याच्या माणसाला आरशाच्या अर्ध्या भागात स्वतःचाच शर्ट दिसतो. दुसरी तक्रार थरथरीची. एका सिलिंडरचं इंजिन सत्तर-ऐंशीवर गेलं की लांब दांडीच्या टोकावरचा आरसा कापायला लागतो, मागच्या गाडीचे दोन दिवे एकमेकांत मिसळतात आणि ती कार आहे की टेम्पो, तेही कळत नाही.

किशोरने ऑनलाइन हँडलच्या टोकाला बसणारे गोल आरसे मागवले. तीन इंची, सपाट, निळसर काचेचे. बसवून घेतले रस्त्याकडेच्या एका शोभेच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराने चहा होईपर्यंत काम उरकलं.

अडचण नेमकी काय होती

गाडी माझ्या गॅरेजला आली ती आरशांसाठी नाही, रेस अडकते म्हणून. बायपासच्या चौकात थांबताना किशोरने मूठ सोडली, क्लच दाबला, तरी इंजिन खाली यायला तयार नाही. किंचाळतच राहिलं. त्याने लाल बटण दाबून इंजिन बंद केलं म्हणून निभावलं. क्लच सुटला असता तर समोर उभ्या असलेल्या एसटीच्या मागच्या बंपरपर्यंत फार अंतर नव्हतं.

त्याला वाटत होतं रेस वायर खराब झाली असेल. आधीच्या एका गॅरेजमध्ये वायरीत तेल सोडून झालं होतं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

अशा तक्रारीत मी आधी गाडी चालू करत नाही. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळायची आणि एकदम सोडायची. निरोगी गाडीत मूठ 'टक' असा आवाज करत जागेवर आपटते. हे तीनदा करायचं: हँडल सरळ ठेवून, डावीकडे पूर्ण वळवून, उजवीकडे पूर्ण वळवून. वायरीचा दोष असेल तर बहुधा एका बाजूला वळवल्यावर फरक पडतो. किशोरच्या गाडीत तिन्ही वेळा मूठ सारखीच रेंगाळली, म्हणजे वायरीचा संबंध कमी. मग आरशाचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला, मूठ पिळून सोडली. टक.

उजव्या टोकाची रचना डोळ्यांसमोर आणली तर हे का झालं ते कळतं. डावी मूठ हँडलच्या नळीवर घट्ट बसवलेली असते, तिला फिरायचं नसतं. उजवी मूठ प्लास्टिकच्या पाइपावर असते आणि तो पाइप नळीवर मोकळा फिरतो. त्याला परत आणणारी स्प्रिंग पलीकडे, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीवर. तिची ताकद मोजकीच असते. टोकाला बसवलेली कुठलीही वस्तू या फिरत्या पाइपाला किंवा रबराला टेकली की स्प्रिंग हरते.

इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. उजव्या मुठीच्या रबराचं तोंड टोकाला पुरेसं मोकळं नव्हतं. आरसा नळीत घालायचा तर ते कापावं लागतं. दुकानदाराने ते ब्लेडने दातेरी कापलं होतं आणि त्याची एक जिभळी आरशाच्या कड्याखाली चेपून बसली होती. शिवाय कडं आतपर्यंत दाबून बोल्ट आवळलेला. रबराला आणि कड्याला मधे हवाच नव्हती. तेलाने दोन दिवस बरं का वाटलं, तेही उघड झालं: वायरीतून ओघळून तेल पाइपापर्यंत आलं होतं. दोष मात्र टोकाला, होता तसाच.

बाकीच्या अडचणी या तपासणीत एकेक करून वर आल्या.

कंपनीची टोकाची वजनं काढून टाकलेली होती. ही वजनं शोभेची नसतात. हँडलची नळी ठरावीक वेगाला झणझणते, टोकावरचा लोखंडी गोळा ती झणझण दाबून धरतो. वजनं गेल्यापासून लांब चालवलं की तळहाताला मुंग्या येतात, असं किशोर स्वतःहून बोलला, पण त्याचा आरशाशी संबंध त्याने जोडला नव्हता.

आरसा लहान होता. दुचाकीच्या आरशासाठी संयुक्त राष्ट्रांचा 81 क्रमांकाचा नियम किमान 69 चौरस सेंटिमीटर क्षेत्र मागतो, गोल आरसा असेल तर किमान 94 मिलिमीटर व्यास. तीन इंची आरसा 76 मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम 45 चौरस सेंटिमीटर. त्यातून सपाट. सपाट काचेत गाडी आहे त्या अंतरावर दिसते हे खरं, पण दिसणारी पट्टी अरुंद. म्हणजे कोपर गेलं, पण मोठं चित्र आलं नाही.

आणि घराचा दरवाजा. किशोरचं घर पारोळ्याच्या जुन्या भागात, धाब्याचं. गाडी रात्री ओसरीत लावायची पद्धत, कारण गल्लीत ठेवली तर पहाटे दुधाच्या आणि पाण्याच्या गाड्यांना वाट राहत नाही. चौकटीची आतली रुंदी 88 सेंटिमीटर. हँडल टोकापासून टोकापर्यंत 78. दोन्ही बाजूंना आरसे बाहेर काढले की 100. आरसे बसल्यापासून गाडी गल्लीत, आणि आबांचा रोजचा सवाल: "गाडी घरमा येत नही, मंग ह्या आरसा काय चाटाना शेतस?"

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता जुने आरसे परत लावून त्यांच्याखाली एक्स्टेंशन बसवणं. दांडीच्या बुडाशी बसणारा हा तुकडा आरसा बाहेर आणि वर नेतो. खर्च दोन-तीनशे रुपये, काम पाच मिनिटांचं, रेसला हात लावायची गरज नाही. कोपराचा प्रश्न बराचसा सुटतो. थरथर मात्र वाढू शकते, कारण दांडी आणखी लांब होते. घ्यायचं तर आटे बघून घ्यायचं. काही गाड्यांना, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांना, उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. ते माहीत नसलेला माणूस जोर लावून बुडातले आटेच खाऊन टाकतो.

माझं मत या पर्यायाकडे झुकलेलं होतं आणि तसं मी किशोरला सांगितलंही. त्याचं उत्तर सरळ होतं: "भाऊ, मला ती कार दिसायला पाहिजे, आणि ऐंशीला दिसायला पाहिजे." एक्स्टेंशनने पहिलं साधलं असतं, दुसऱ्याची खात्री मी देऊ शकत नव्हतो.

दुसरा पर्याय आहेत तेच आरसे नीट बसवणं. रेसचा धोका जाईल, पण लहान काच, गेलेली वजनं आणि दरवाजा तसेच राहतील. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस इथे थांबतो.

तिसरा, फक्त उजवीकडे टोकाचा आरसा आणि डावीकडे कंपनीचा. आपल्याकडे ओलांडणारी गाडी उजवीकडून येते, त्यामुळे खरी गरज उजवीकडेच. रुंदीही एकाच बाजूने वाढते. दिसायला वेडंवाकडं, म्हणून किशोर हसला आणि विषय संपला. मला अजूनही हा पर्याय बुद्धीला पटतो.

चौथा, चार इंची, किंचित फुगीर काचेचे, दुमडणाऱ्या दांडीचे आणि कंपनीचं वजन न काढता बसणारे आरसे. यात आरशाचं कडं एका जाड चकतीसारखं असतं. ते नळीचं तोंड आणि वजन यांच्या मधे बसतं, आणि तेच वजन जरा लांब बोल्टने परत आवळलं जातं. किंमत आधीच्या जोडीच्या दुपटीपेक्षा जास्त.

कायद्याचा प्रश्न किशोरनेच काढला. आरसा नसेल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 177 खाली दंड होतो, हे सगळ्यांना चलनाच्या मेसेजवरून ठाऊक असतं. फेरबदलाचं कलम 52 वेगळं आहे: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. इंजिन, चेसिस, इंधन यांचा विषय तिथे येतो, आरशाचा नाही. तरी जुने आरसे पिशवीत घालून घरी ठेवायला सांगितलं. गाडी विकताना लागतात.

चौथा पर्याय ठरला. ठरण्याचं कारण काच नव्हती, दांडीतला सांधा होता. टोकाचा आरसा कुठे आपटला तर झटका थेट हँडलच्या सगळ्यात लांब टोकाला बसतो, तिथे थोडा जोरही चाक वळवायला पुरतो. दांडी कडक असेल तर हँडल हातातून हिसकलं जातं. सांधा ठरावीक दाबाला दुमडत असेल तर आरसा वळतो आणि हँडल सरळ राहतं. म्हणून नवी जोडी हातात आल्यावर मी आधी काच पाहिली नाही, दांडी एका हाताने दुमडून पाहिली. वाऱ्याने हलू नये इतकी घट्ट आणि तळहाताच्या धक्क्याने वळावी इतकी सैल. ती तशी होती.

काय केलं

डावी बाजू सोपी. जुना आरसा काढला, रबराचा फुगणारा बुश बाहेर ओढला. बोल्ट आवळला की दोन शंकू जवळ येतात आणि मधलं रबर फुगून नळीला धरतं, अशी त्याची रचना. बोल्ट नुसता सैल करून तो निघत नाही, बोल्टच्या डोक्यावर हलकी हातोडी मारून आतला शंकू सोडवावा लागतो. मग चकती, वजन, लांब बोल्ट.

बोल्टच्या लांबीवर थोडं थांबतो, कारण जोडीसोबत येणारा बोल्ट दर वेळी पुरेसा असतोच असं नाही. चकतीची जाडी जुन्या बोल्टच्या लांबीतून वजा होते. आत निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे धरले गेले पाहिजेत, नाहीतर वजन आणि आरसा दोन्ही दीड-दोन आट्यांवर लटकतात आणि एखाद्या गतिरोधकावर सुटतात. इथे सोबत आलेला बोल्ट आखूड होता. बाजारातून लांब आणला, आट्यांना निळं लॉकिंग, म्हणजे थरथरीने बोल्ट सुटू न देणारं चिकट द्रव, लावलं.

उजवीकडे मुठीचं रबर आधी दुरुस्त करायचं होतं. फाटकी कड आणखी कापण्यापेक्षा नवी मूठ घातली आणि तिचं तोंड धारदार नव्या ब्लेडने, नळीच्या कडेचा आधार घेत, एका फेऱ्यात गोल कापलं. रबराचा एकही धागा लोंबता ठेवला नाही. प्लास्टिकचा पाइप काढून आतून पुसला, आधीचं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ काढली. त्यात पुन्हा तेल किंवा ग्रीस घातलं नाही. आपल्या भागातल्या धुळीत त्याची खळ होते.

मग फट. मुठीचं टोक आणि चकती यांच्यात दोन मिलिमीटरच्या आसपास जागा हवी. दहा रुपयांचं नाणं पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, ते सगळीकडून सैल फिरलं की माझं समाधान होतं. पहिल्यांदा नाणं वरून गेलं आणि खालून अडलं. मूठ पाइपावर तिरकी चढली होती. ती काढून पुन्हा बसवली. बोल्ट पूर्ण आवळल्यावर नाणं परत फिरवलं, कारण आवळताना चकती आत सरकते आणि आधी असलेली फट नाहीशी होते. बसवणारे इथेच फसतात: सैल असताना तपासतात आणि आवळल्यावर बघत नाहीत.

नंतर टक-परीक्षा, तिन्ही स्थितींत. मग इंजिन चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं. आवाज चढला नाही. मुठीला दोन-तीन मिलिमीटरचा मोकळा झोल ठेवला. ब्रेकचा आणि क्लचचा लिव्हर पूर्ण दाबून पाहिला. लिव्हरचं गोल टोक दांडीला लागत नाही ना आणि मधे करंगळी चेपत नाही ना. डावीकडे क्लचचा लिव्हर दांडीपासून फारच जवळून जात होता. दांडी थोडी वर फिरवली. हँडल पूर्ण वळवून आरसा टाकीला आणि गुडघ्याला टेकत नाही हेही पाहिलं.

आरसा लावायचा तो गाडी मधल्या स्टँडवर असताना नाही. किशोरला हेल्मेट घालून, रोजची बॅग पाठीवर घेऊन बसवलं, गाडी जमिनीवर सरळ धरली, मागे वीसेक पावलांवर पोऱ्याला उभं केलं. क्षितिजाची रेघ आरशाच्या मध्यावर आणि आतल्या कडेला कोपराची बारीकशी पट्टी. किशोरला ती पट्टीही नको होती. मी राहू दिली. स्वतःचा एक तुकडा दिसला की आपण कुठल्या दिशेला बघतोय हे एका नजरेत कळतं.

निष्पत्ती

रेसचा प्रश्न संपला, पुन्हा आला नाही. वजनं परत आल्याने मुंग्याही कमी झाल्या. ऐंशीच्या वेगात आरसा पूर्ण स्थिर नाही, पण दोन दिवे दोन दिसतात. मागून येणारी गाडी आता लेन बदलण्याच्या आधीच कळते, असं किशोर सांगतो.

तोटेही आले. फुगीर काचेत मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. पहिल्या आठवड्यात एका कारच्या अंदाजात तो चुकला, आता आरसा पाहून मग मान वळवून खात्री करतो. शिवाय हे आरसे खाली असतात. दांडीच्या आरशाला डोळे जरासे कडेला न्यावे लागतात, इथे खाली आणि कडेला. पूर्ण हेल्मेटमध्ये तर हनुवटीही थोडी झुकवावी लागते. चौपदरी रस्त्यावर हे चालतं. पारोळ्याच्या बाजारपेठेत, जिथे समोरून कधी बकरी, कधी हातगाडी येते, तिथे तो क्षण मोठा वाटतो.

दरवाजा जमला. दोन्ही आरसे आत दुमडले की रुंदी 84 सेंटिमीटर होते, चौकटीतून प्रत्येक बाजूला दोन बोटांपेक्षाही कमी जागा राहते. पहिल्या काही दिवसांत उजव्या कडेचा रंग चौकटीवर उतरला. मग हँडल किंचित वळवून एक टोक आधी आत घ्यायची युक्ती बसली. आबांची तक्रार आता आवाजाबद्दल आहे: सकाळी उठून कटाकट आरसे उघडतो म्हणून.

सांध्याची परीक्षा कापसाच्या हंगामातच झाली. फागण्याच्या अलीकडे कडेला उभी असलेली ट्रॉली ओलांडताना डावा आरसा बाहेर आलेल्या जाळीत अडकला. दांडी दुमडली, हँडलला हिसका बसला पण गाडी रेषेत राहिली. आरसा परत उघडला, काचेला ओरखडाही नाही. किशोरने मात्र रुंदीचा हिशेब त्या दिवसापासून बदलला. ट्रॉली आणि दुभाजक यांच्या फटीतून काढायची सवय सोडली.

एक बारीक कटकट राहिली: धुळ्यात स्टँडवर गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या करतात, आणि परत येऊन पाहावं तर आरसा आकाशाकडे. त्याने सीटखाली एक ॲलन की ठेवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा झाला. आधी आरसे आले, मग दरवाजा, वजन, लिव्हर आणि रेस मोजल्या गेल्या. खरेदीआधी टेप घेऊन चौकट आणि हँडल मोजलं असतं तर पहिली जोडी मागवलीच गेली नसती. एक्स्टेंशन लावून आठवडाभर चालवून पाहणंही परवडलं असतं. तेवढ्यात कळलं असतं की त्रास कोपराचा जास्त आहे की थरथरीचा. कोपराचाच असता तर दोन-तीनशेत काम संपत होतं.

दुकानातून गाडी ताब्यात घेताना किशोरने मूठ पिळून सोडली असती तर दोष तिथेच सापडला असता. त्याला अवजार लागत नाही. आरसा, मूठ, बार-एंड (टोकाचं वजन), मुठीवरचं कव्हर, उजव्या टोकाला काहीही बसवलं की ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवायला हवी. मी पोऱ्यांना तशी सवय लावली आहे. गाडीच्या चाव्या देण्याआधी टक ऐकवायचा.

आधीच्या गॅरेजमध्ये तेल सोडून गाडी परत दिली गेली, हा निर्णय मला सगळ्यात जास्त खटकतो. रेस अडकते अशी तक्रार आली तर 'अलीकडे काय बसवलं' हा पहिला प्रश्न हवा. तो विचारला असता तर आरशाकडे बोट गेलंच असतं.

पहिली जोडी किशोरने अर्ध्या किमतीत चुलतभावाला द्यायची ठरवली होती. त्याची गाडी 125 सीसीची, हँडल बारीक, मुठी जुन्या. भाऊ आरसे घेऊन बसवायला माझ्याकडेच आला. तीन इंची सपाट काच त्या गाडीवरही तीन इंची सपाटच राहणार होती. कंपनीचे आरसे ठेव, उजवीकडे एक्स्टेंशन टाकून देतो म्हणालो. त्याने एक्स्टेंशन टाकून घेतलं आणि ती जोडी परत घेऊन गेला, किशोरकडून पैसे वसूल करायला.